‘उचल्या’ आम्ही कसं वाचलं?

२ ऑक्टोबर १९०४ला जर्मन सेनापती फॉन ट्रोथाने हद्दीत दिसेल त्या हेरेरोला गोळी घालायचा लेखी हुकूम काढला. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने इथल्या अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, हजेरी लावली. दोन्ही एकच असं आम्ही म्हणत नाही. पण लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ला आलं, तेव्हा आम्ही समीक्षकांनी ‘वेदनेचं साहित्य’ म्हणून गौरवलं नि मोकळे झालो. अहो, शिक्काच शीर्षक केलेलं ते आरोपपत्र आहे! १९५२ला हे लोक ‘विमुक्त’ झाले. १९५९ला मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. आजही कन्हानला पालं पडली की आम्ही आधी कुलूपच तपासतो ना?