स्थलांतरित कामगार आणि एचआयव्ही : 'ब्रिज पॉप्युलेशन' या शब्दाबद्दल

भारतातल्या एचआयव्हीबद्दल काहीही वाचायला घ्या, 'ब्रिज पॉप्युलेशन' हा शब्द भेटतोच. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, स्थलांतरित कामगार आणि लांब पल्ल्याचे ट्रकचालक यांना या नावाखाली मोजते. तर्क असा: शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांसारख्या गटांत संसर्ग जास्त, कामगार तिथे जातो, विषाणू घेतो आणि गावी बायकोला देतो. म्हणून तो 'पूल'. हा शब्द अर्धाच खरा आहे असं माझं मत आहे, आणि भिवंडी-कल्याण पट्ट्यात प्रतिबंधाचं काम करताना उरलेला अर्धा भाग महागात पडतो.

आधी खरा भाग बघू. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा 1997 चा 'जामा'मधला पेपर पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांवर होता. त्यातल्या शरीरविक्रय न करणाऱ्या 391 स्त्रियांपैकी 13.6 टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. त्यांची मुख्य जोखीम म्हणजे गुप्तरोग असलेला जोडीदार, बहुतेकदा नवराच. दवाखान्यात आलेल्या स्त्रियांचा हा आकडा पुण्यातल्या सगळ्या स्त्रियांना लावता येत नाही, पण संसर्ग घरात कसा शिरतो हे त्यातून स्पष्ट दिसलं.

आता दुसरी बाजू. मार्क ल्युरी आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या 168 जोडप्यांचा अभ्यास छापला. 98 जोडप्यांत नवरा कामासाठी बाहेर, 70 मध्ये घरीच. दोघांपैकी एकालाच संसर्ग असण्याचं प्रमाण पहिल्या गटात 27 टक्के, दुसऱ्यात 15. म्हणजे स्थलांतराने जोखीम वाढते, यात वाद नाही. पण अशा जोडप्यांपैकी सुमारे 71 टक्क्यांत बाधित पुरुष होता, म्हणजे उरलेल्या 29 टक्क्यांत बायको! आणि हे प्रमाण नवरा बाहेर असो वा घरी, फारसं बदललं नाही. तिथली साथ आपल्यापेक्षा कितीतरी मोठी होती, त्यामुळे हे आकडे इथे चिकटवायचे नाहीत. पण पुलावरून वाहतूक एकाच दिशेने होते हे गृहीत धरण्याआधी दोघांचीही चाचणी करावी लागते, एवढं तरी त्यातून घ्यायला हवं.

'बाहेरचे लोक रोग घेऊन येतात' हे वाक्य आपल्या लोकलमध्येही ऐकू येतं. युरोपातही तेच म्हणतात. तिथल्या नऊ देशांतल्या एचआयव्हीबाधित स्थलांतरितांवरचा अभ्यास 2017 मध्ये आला: सुमारे 63 टक्के लोकांना लागण नव्या देशात आल्यानंतर झाली होती. (परळ-लालबागच्या गिरण्यांतले चाकरमानीही बायको गावी ठेवून गाळ्यात राहायचे. त्यांचीच नातवंडं आज डोंबिवलीत आहेत.)

मग भिवंडीत नेमकं काय बदलायला हवं? यंत्रमागावरच्या कामगाराला मीटरप्रमाणे मजुरी, पाळी बारा तासांची, आणि एका खोलीत दिवसपाळी-रातपाळीवाले आलटून पालटून झोपणारे. नाक्यावर निरोध आणि पत्रक देणं आवश्यकच आहे. पण 2011 मध्ये एचपीटीएन 052 या चाचणीने (पुणे आणि चेन्नई त्यात होती) दाखवलं की बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केलं तर दुसऱ्याला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे उपचार हाच प्रतिबंध. हल्ली बहुतेकांना रोज एकच गोळी लागते आणि ती एआरटी केंद्रात फुकट मिळते. अडचण गोळीच्या आजूबाजूला आहे. केंद्र दिवसा उघडं, गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडाली. सात-आठ जणांच्या खोलीत गोळ्यांची बाटली ठेवायची कुठे? 2017 च्या एचआयव्ही कायद्याने नोकरीसाठी चाचणीची सक्ती करायला बंदी आहे, पण मुकादमाला कळलं तर काय, ही भीती कायद्याने जात नाही. शिवाय सुगी, लग्न, छठ यासाठी माणूस गावी गेला की उपचारात खंड पडण्याची शक्यता.

आणि बायको? ती उत्तर प्रदेशातल्या गावात. गरोदर असेल तर तपासणीत एचआयव्हीची चाचणी होते. नसेल तर तिला कोण विचारणार? 'पूल' या चित्रात ती फक्त पलीकडचा काठ आहे.

शेवटी, असे पेपर वाचणाऱ्यांसाठी एक तांत्रिक गोष्ट. कामगारांच्या वस्तीत जाऊन केलेल्या पाहणीत फक्त तिथे हजर असलेली माणसं सापडतात. जो खूप आजारी पडला तो कल्याणहून गाडी पकडून केव्हाच गावी गेलेला असतो. साथरोगशास्त्रात याला 'हेल्दी वर्कर इफेक्ट'ची भावकी म्हणता येईल. त्यामुळे अशा पाहणीत प्रमाण कमी दिसलं तर मी आधी शोधते, गावी परतलेल्यांना मोजलंय का, आणि पाहणी कोणत्या महिन्यात झाली. मे-जूनमध्ये झाली असेल तर निम्मा पॉवरलूम गावाला गेलेला असू शकतो.