जनरेटरमधील मूल्यप्रवेश : ‘यील्ड’च्या दुहेरी भूमिकेची चिकित्सा

संगणकभाषेत भर पडलेल्या कोणत्याही सोयीचे परीक्षण दोन प्रश्नांच्या आधारे व्हावयास हवे. तिच्यामुळे पूर्वी दुष्कर असलेले कोणते कार्य सुकर झाले, हा पहिला प्रश्न. आणि ज्या रूपात ते कार्य व्यक्त होते ते रूप त्याच्या आशयाशी सुसंगत आहे काय, हा दुसरा. पायथॉन भाषेत चालू जनरेटरला बाहेरून मूल्य पुरविण्यासाठी ‘सेंड’ ही पद्धत आहे. तिच्या सामर्थ्याविषयी वाद संभवत नाही. तथापि दुसऱ्या प्रश्नाच्या कसोटीवर ती कितपत उतरते, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण तिच्यातून उद्भवणारे दोष पुष्कळदा निःशब्द असतात आणि आज्ञावलीची उत्तरे गुपचूप बिघडवितात.

प्रथम पूर्वपीठिका. सामान्य फलन उत्तर देते आणि संपते. त्यातील चलांची स्थिती त्याबरोबरच नष्ट होते. जनरेटर मात्र ‘यील्ड’पाशी एक मूल्य देऊन थांबतो, आपली स्थिती जतन करतो आणि मागणी होताच तेथूनच पुढे चालू लागतो. नील शेमेनॉअर, टिम पीटर्स व मॅग्नस ली हेटलँड यांच्या २५५ क्रमांकाच्या सुधारणा-प्रस्तावानुसार डिसेंबर २००१ मधील २.२ या आवृत्तीत ही रचना पायथॉनमध्ये आली. त्या वेळी ‘यील्ड’ हे केवळ विधान होते. मूल्ये आतून बाहेर येत. बाहेरून आत काही जात नसे. बार्बरा लिस्कॉव्ह यांच्या नेतृत्वाखाली १९७० नंतरच्या दशकात सिद्ध झालेल्या सीएलयू भाषेतील ‘इटरेटर’चे स्वरूपही असेच एकमार्गी होते.

२००५ साली गीडो व्हॅन रॉसम व फिलिप एबी यांनी मांडलेल्या ३४२ क्रमांकाच्या प्रस्तावाने हे चित्र पालटले. सप्टेंबर २००६ मधील २.५ आवृत्तीपासून ‘यील्ड’ विधान न राहता पदावली झाली. ‘सेंड’ने पाठविलेले मूल्य हेच त्या पदावलीचे मूल्य होय. यामागील हेतू स्पष्ट होता : जनरेटरला कोरूटीनची योग्यता द्यावयाची. एकमेकांना काम सोपवीत, आळीपाळीने चालणाऱ्या कार्यक्रमांची ही कल्पना मेल्विन कॉनवे यांनी १९६३ साली कोबोलच्या कंपायलरविषयीच्या निबंधात मांडली होती. म्हणजे कल्पना जुनीच. नवे होते ते तिला दिलेले वेष्टन.

हे वेष्टन जेथे शोभून दिसते असे एक उदाहरण घ्यावे. १ ते १०० मधील मनात धरलेली संख्या ओळखणारा जनरेटर लिहिला आहे. पहिली मागणी होताच तो ५० हा अंदाज देऊन थांबतो. ‘मोठी’ असे उत्तर ‘सेंड’ने मिळाले, की तो खालची मर्यादा ५१ करून ७५ हा अंदाज पुढे करतो, ‘लहान’ असे उत्तर आले, की वरची मर्यादा ७४ करून ६२ सांगतो. अशा रीतीने फार तर सात अंदाजांत संख्या हाती येते. येथे प्रत्येक नवे मूल्य मागील उत्तरावर अवलंबून आहे. जनरेटर प्रथम बोलतो, मग ऐकतो, पुन्हा बोलतो. देवाणघेवाणीचा हा क्रम आणि ‘यील्ड’चा अंगभूत क्रम एकच असल्यामुळे आज्ञावली सरळ व सुबोध उतरते.

आता दुसरे उदाहरण पाहावे. येणाऱ्या संख्यांची चालू सरासरी काढणारा जनरेटर हवा आहे : १०, २०, ३० या संख्या क्रमाने पाठविल्या असता त्याने १०, १५, २० ही उत्तरे द्यावीत. या कार्यात जनरेटरने प्रथम ऐकावयाचे असते; पहिली संख्या मिळाल्याखेरीज सांगण्यासारखे त्याच्याजवळ काहीच नसते. परंतु ‘यील्ड’ची घडण अशी, की मूल्य स्वीकारण्यासाठी त्याच्यापाशी येऊन थांबावे लागते आणि थांबताना काहीतरी बाहेर द्यावे लागते. म्हणून आरंभी ‘नेक्स्ट’ ही एक मागणी निष्कारण करावयाची, हाती येणारे रिकामे मूल्य टाकून द्यावयाचे, आणि मगच पहिली संख्या पाठवावयाची, असा उपचार अनिवार्य होतो. तो न पाळता प्रथमच खरे मूल्य पाठविले, तर पायथॉन प्रकार-त्रुटी दाखवून काम थांबवितो.

हा उपचार म्हणजे एक किरकोळ गैरसोय, असे समजून तो सहसा सोडून दिला जातो. वस्तुतः तो मूळ विसंगतीचा निदर्शक आहे. ‘यील्ड’चा साचा बोलणाऱ्यासाठी घडविलेला होता, त्यात ऐकणाऱ्याला बसविले, की आरंभी एक पोकळ उद्गार काढणे त्याला भाग पडते. ही अडचण प्रस्तावाच्या कर्त्यांनाही दिसली होती. जनरेटरला आपोआप पहिल्या ‘यील्ड’पर्यंत नेऊन ठेवणारा ‘कन्झ्यूमर’ नावाचा अलंकारक त्यांनी प्रस्तावातील उदाहरणांतच दिला आहे. सोय जन्मतानाच तिच्यासोबत उपाय द्यावा लागावा, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

ही विसंगती अटळ होती काय? ल्युआ भाषेकडे पाहिले असता तसे म्हणता येत नाही. २००३ साली ५.० या आवृत्तीत ल्युआने कोरूटीन स्वीकारले, त्यात पहिल्या ‘रिझ्यूम’बरोबर दिलेली मूल्ये फलनाच्या प्राचलांत जातात, पुढच्या प्रत्येक ‘रिझ्यूम’ची मूल्ये ‘यील्ड’च्या हाती पडतात. सरासरीचे फलन तेथे पहिली संख्या प्राचल म्हणून घेते आणि पोकळ उद्गाराची गरजच उरत नाही. उलटपक्षी जावास्क्रिप्टने २०१५ च्या प्रमाणकात पायथॉनच्याच वळणाचा जनरेटर घेतला. मात्र पहिल्या ‘नेक्स्ट’ला दिलेले मूल्य ती भाषा काहीही न सांगता टाकून देते. परिणामी १०, २०, ३० पाठविणाऱ्यास अखेर २० ऐवजी २५ ही सरासरी मिळते आणि त्रुटीची सूचना कोठेही उमटत नाही. पायथॉनचा नकार कठोर खरा; परंतु या मौनापेक्षा तो अधिक प्रामाणिक आहे.

तथापि पायथॉनही सर्वत्र इतका दक्ष नाही. ‘नेक्स्ट’ने केलेली मागणी आणि ‘नन’ हे रिक्त मूल्य ‘सेंड’ने पाठविणे, या दोन क्रिया जनरेटरच्या दृष्टीने एकच ठरतात. काहीच पाठविले नाही आणि रिक्त मूल्य बुद्धिपुरस्सर पाठविले, हा भेद आतून ओळखता येत नाही. ज्या सामग्रीत गाळलेली नोंद ‘नन’ने दर्शविण्याची प्रथा आहे, तेथे ही संदिग्धता केवळ तात्त्विक राहत नाही.

याहून गंभीर प्रकार ‘फॉर’ आवर्तनात घडतो. एक जनरेटर तापमानाच्या नोंदी क्रमाने देत आहे आणि ‘फॉर’ आवर्तन त्या घेत आहे, असे समजावे. तिसरी नोंद पाहून आवर्तनाच्या आतूनच जनरेटरला काही सूचना ‘सेंड’ने पाठविली. ‘सेंड’ नुसते मूल्य पोहोचवून परतत नाही. ते जनरेटरला पुढच्या ‘यील्ड’पर्यंत चालविते आणि तेथील मूल्य घेऊन येते. अर्थात् चौथी नोंद ‘सेंड’चे उत्तर म्हणून बाहेर पडते. ते उत्तर कोणी टिपून घेतले नाही, तर आवर्तनाला पुढे थेट पाचवी नोंद मिळते. त्रुटी नाही, इशारा नाही. एक नोंद नाहीशी झालेली असते. संशोधनातील गणनेत अशी हानी शोधून काढणे किती कठीण, हे सांगावयास नको.

या दोषांबरोबर प्रस्तावाची बाजूही मांडली पाहिजे. नवा राखीव शब्द न आणता आणि जुन्या आज्ञावली न मोडता त्याने भाषेचे क्षेत्र विस्तारले. त्याच प्रस्तावातील ‘थ्रो’ या पद्धतीमुळे थांबलेल्या जनरेटरच्या आत अपवाद उपस्थित करता येतो, आणि ‘कॉन्टेक्स्ट-मॅनेजर’ लिहिण्याची आजची सुटसुटीत रीत तिच्यावरच उभी आहे. शिवाय पुढील वाटचालीचा पाया याच कामाने घातला. ३.३ आवृत्तीत, २०१२ साली, ग्रेगरी युइंग यांच्या प्रस्तावाप्रमाणे ‘यील्ड फ्रॉम’ आले. त्यामुळे बाहेरून पाठविलेले मूल्य आतल्या जनरेटरपर्यंत विनासायास पोहोचू लागले.

परंतु पुढचा इतिहासच या चिकित्सेला पुष्टी देतो. २०१५ मधील ३.५ आवृत्तीत ‘असिंक’ व ‘अवेट’ ही स्वतंत्र रचना आली आणि कोरूटीनला जनरेटरहून वेगळे रूप लाभले. जनरेटरलाच कोरूटीन म्हणून चालविणारा ‘असिंकआयओ’ संग्रहातील जुना अलंकारक ऑक्टोबर २०२२ च्या ३.११ आवृत्तीत काढून टाकण्यात आला. जनरेटरच्या प्रकार-निर्देशात दिलेले मूल्य, घेतलेले मूल्य आणि अंतिम उत्तर असे तीन प्रकार लिहावे लागत. २०२४ मधील ३.१३ आवृत्तीपासून शेवटचे दोन वगळता येतात, आणि वगळले असता ते रिक्त मानले जातात. मूल्य आत घेणारा जनरेटर हा नियम नसून अपवाद होय, अशी ही भाषेनेच दिलेली कबुली आहे.

एवंच, ‘सेंड’चा दोष त्याच्या सामर्थ्यात नाही, दोन भिन्न भूमिका एकाच शब्दावर लादण्यात आहे. यावरून अभ्यासकांना एक साधी कसोटी मिळते. जनरेटर प्रथम बोलणारा असेल आणि त्याचे पुढचे मूल्य खरोखर उत्तरावर अवलंबून असेल, तर ‘सेंड’ उचित होय. मात्र तेथे ‘फॉर’ आवर्तन वर्ज्य समजावे आणि ‘सेंड’चे प्रत्येक उत्तर टिपून घ्यावे. जेथे प्रथम ऐकावयाचे आहे, तेथे स्थिती सांभाळणारी वस्तू किंवा साधे फलन पुरेसे असते. आज्ञावलीच्या वाचकाला कोण बोलतो आणि कोण ऐकतो हे प्रत्येक ओळीत कळावे, एवढी अपेक्षा वाजवीच आहे. ती जेथे पुरी होत नाही, तेथे रचनेच्या चातुर्याने तिची भरपाई होऊ शकत नाही.