मराठी चित्रपट-अभिनेत्रींची वेशभूषा

चित्रपटातील स्त्रीपात्राचा काळ, जात, वय व सामाजिक दर्जा सूचित करण्यासाठी योजलेली वस्त्रे, अलंकार आणि केशरचना यांचा समावेश या वेशभूषेत होतो. पडद्यावरील वेश लोकव्यवहारातून येतो आणि पुन्हा लोकव्यवहारावर परिणाम करतो. त्यामुळे तिचे मूल्यमापन दोन्ही दृष्टींनी करावे लागते.

या परंपरेचा उगम रंगभूमीत आहे. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) स्त्रीभूमिकांत वापरलेल्या शालू-पैठण्या, अलंकार व अंबाडा यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत. म्हणजे स्त्रीच्या नेसण्याचा पहिला सार्वजनिक आदर्श एका पुरुष नटाने घडविला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या मूकपटात तारामतीची भूमिकाही अण्णा साळुंके या पुरुषानेच केली. बोलपटाच्या आगमनानंतर मात्र ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मधील दुर्गा खोटे (१९०५–९१) यांच्यासारख्या सुशिक्षित स्त्रिया पडद्यावर आल्या व हा आदर्श स्त्रियांच्या हाती आला.

कृष्णधवल चित्रपटात रंगाला वाव नव्हता. काठाची रुंदी, पदराची घडण, पोलक्याच्या बाह्या व केसांचा भांग यांवरच वेशाचा प्रभाव अवलंबून असे, आणि नेमक्या याच गोष्टी घरी उचलणे सोपे होते. ‘प्रभात’च्या ‘कुंकू’ (१९३७) मध्ये शांता आपटे (१९१६–६४) यांच्या साध्या वेशातील एक सौभाग्यचिन्ह संपूर्ण कथेचा आधार ठरते. येथे वेशभूषा शोभेपुरती न राहता विचार व्यक्त करते. याउलट ‘ब्रह्मचारी’ (१९३८) मधील मीनाक्षी शिरोडकर (१९१६–९७) यांचा पोहण्याचा पोशाख गाजला, तो त्याने उडविलेल्या खळबळीमुळे. आचार्य अत्रे यांच्या या विनोदी कथेतील ब्रह्मचर्याच्या उपहासाला तो पोशाख पूरक होता. तथापि स्मरणात राहिला तो पोशाख. शिरोडकर यांचा अभिनय व गायन मागे पडले. अभिनेत्रीचे मोजमाप तिच्या वस्त्रांवरून करण्याच्या प्रवृत्तीचे हे ठळक उदाहरण होय.

‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) मधील हंसा वाडकर (१९२३–७१) आणि ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) व ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) मधील जयश्री गडकर (१९४२–२००८) यांनी तमाशाप्रधान चित्रपटाला स्वतंत्र वेश दिला : चापूनचोपून नेसलेले नऊवारी, जरीचे काठ, नथ व घुंगरू. ‘सांगत्ये ऐका’मधील एका लावणीने कानाच्या वरच्या पाळीत घालावयाच्या बुगडीचे नाव सर्वतोमुखी झाले. दागिना व्यवहारातून मागे पडला, नाव मात्र टिकले. दुसऱ्या टोकास सुलोचना (१९२८–२०२३) यांच्या ‘वहिनींच्या बांगड्या’ (१९५३) आदी चित्रपटांतील सोज्ज्वळ गृहिणीचा वेश होय. एकच नऊवारी अशा रीतीने दोन नैतिक अर्थांत विभागले गेले.

या वारशाची मर्यादा येथेच आहे. वऱ्हाडात लुगडे हे प्रथमतः कष्टाचे वस्त्र होते. कासोट्यामुळे पाय मोकळे राहत आणि निंदणी, कापूस-वेचणी यांसारखी कामे सुकर होत. धामणगाव रेल्वेसारख्या कापसाच्या बाजारपेठांच्या परिसरात वृद्ध स्त्रियांच्या अंगावर ते दीर्घकाळ टिकले. तरुण पिढीने गोल पातळ स्वीकारल्यावर मात्र नऊवारीची लोकस्मृती मुख्यतः पडद्यावरच उरली आणि पडद्याने तिच्यातील श्रम वगळून शृंगार किंवा सोज्ज्वळता तेवढी जपली. आज समारंभासाठी मिळणारे शिवलेले नऊवारी या निवडीचाच परिणाम म्हणता येईल. त्यात नेसण्याचे कौशल्यही अनावश्यक ठरते.

हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) या आत्मकथनावर आधारित ‘भूमिका’ (१९७७) या श्याम बेनेगल यांच्या हिंदी चित्रपटाने हा प्रश्न थेट हाताळला. त्यात स्मिता पाटील (१९५५–८६) यांची नायिका पडद्यावरील झगमगीत वेश व घरातील साधे पातळ यांत सतत ये-जा करते. वेश उतरल्यावर उरणाऱ्या स्त्रीकडे पाहणे, ही या परंपरेची सर्वांत परिपक्व समीक्षा होय. तिच्या तुलनेत या वेशांचे नुसते अनुकरण हा वारशाचा गौण भाग ठरतो.