‘हयवदन’ : धड कोणाचे, डोळे कोणाचे?

गिरीश कार्नाड यांचे ‘हयवदन’ १९७१ साली कन्नडमध्ये प्रसिद्ध झाले आणि चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणले. आपल्या भागातील वाचकाला ते दोन्ही भाषांत वाचण्याची सोय आहे. ती त्याने अवश्य घ्यावी. या नाटकाविषयी बोलताना ‘अस्मिता’, ‘अपूर्णता’ असे जड शब्द फार वापरले जातात. मला मात्र ते शरीर बदलून घेण्याच्या हौसेवरचे नाटक वाटते, आणि तसे वाचल्यास ते आज अधिक बोचते.

कथाबीज ‘कथासरित्सागरा’तल्या वेताळकथेचे. टॉमस मान या जर्मन कादंबरीकाराने १९४० साली ते फुलवले, कार्नाडांनी तिथून उचलले. देवदत्त विद्वान पण नाजूक; त्याचा मित्र कपिल लोहाराचा मुलगा, अंगाने पीळदार. देवदत्ताची पत्नी पद्मिनी कपिलाच्या देहाकडे ओढली जाते. कालीच्या देवळात दोघेही स्वतःची शिरे उतरवतात आणि ती पुन्हा जोडताना पद्मिनीच्या हातून अदलाबदल होते. मस्तक श्रेष्ठ, म्हणून ज्याचे मस्तक देवदत्ताचे तोच नवरा, असा निवाडा ऋषी देतो. पद्मिनीला हवे ते सारे मिळते. पण कसे टिकावे? बळकट धड हळूहळू सैलावते. हे सांगायला पंडित येत नाही. घरातल्या दोन बाहुल्या सांगतात. मालकाचे राठ हात मऊ पडल्याचे त्यांना स्पर्शाने कळते. ही युक्ती खास कार्नाडांची, आणि नाटकातली मला सर्वांत आवडलेली.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटते. देवदत्ताने नवे धड मागितलेच नव्हते. ते हवे होते पद्मिनीच्या डोळ्यांना. नीतीचा प्रश्न मला येथे दिसतो.

देहाला हात लावूच नये, असे मी म्हणणार नाही. कावसजी नावाचा बैलगाडीवाला इंग्रजी फौजेत होता. १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्यात कुंभार जातीच्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये चित्रासह छापून आली आणि १८१४ साली कार्पू या शल्यवैद्याने त्या धर्तीवर लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली. त्या कुंभाराला कोण नावे ठेवील? कावसजीचे गेलेले त्याला परत मिळाले. याउलट २०२२ च्या मे महिन्यात बेंगळुरूत २१ वर्षांची एक मालिका-अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. तिचे काय गेले होते? पडद्यापुढच्या डोळ्यांना काही कमी वाटत होते, एवढेच. (आमच्या दहावीच्या निरोप समारंभाचे फोटो काढणाऱ्यालाही मुली आधी सांगून ठेवतात, ‘सर, जरा उजळ करा हं.’ हल्ली मुलगेही सांगतात.)

नाटकाविषयी माझी तक्रार आहे ती पद्मिनीबाबत. शेवटी दोघे मित्र परस्परांना मारून मोकळे होतात आणि ती सती जाते. पाहणारी एकटी तीच होती काय? लग्नाआधी तिच्या रूपावर कविता रचणारा देवदत्तही डोळ्यांनीच जगत होता. त्याच्याकडे नाटककार थट्टेने पाहतो, तिला मात्र चितेवर पाठवतो. हा हिशेब मला जुळत नाही.

आता ज्याचे नाव नाटकाला आहे तो हयवदन. घोड्याचे तोंड आणि माणसाचे धड घेऊन तो पूर्णत्व मागायला कालीकडे जातो. आपणहून बदल मागणारा नाटकात हा एवढाच. देवी त्याला पुरा घोडा करून टाकते, पण आवाज माणसाचाच ठेवते, आणि त्या आवाजाने तो कासावीस होतो. तो सुटतो एका मुलाच्या हसण्याने. प्रेक्षकही त्या जागी हसतो. पण ते मूल पद्मिनीचे आहे आणि तोवर ते कधी हसलेले नाही, हे ध्यानात ठेवून तो प्रवेश पुन्हा एकदा वाचावा.