बुलबुल, बया आणि सलीम अलींची वही

आपल्या विशेषांकांतून आणि संमेलनांच्या स्मरणिकांतून मुस्लिम समाजातील थोरांची जी यादी छापली जाते, तीत डॉ. सलीम अली यांचे नाव हटकून असते. नावापुढे 'जगप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ' लिहिले, १९५८ चा पद्मभूषण आणि १९७६ चा पद्मविभूषण नोंदवला, की यादी पुढच्या नावाकडे सरकते. त्यांची पुस्तके कुणी वाचली आहेत काय, हा प्रश्न निघत नाही. 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे त्यांचे आत्मचरित्र १९८५ साली आले. बोहरा घरातल्या या मुलाने अर्थ न कळता कुराण वाचायला शिकल्याचे आणि मोठ्यांच्या दिखाऊ धार्मिकतेचा वीट आल्याचे त्यात मोकळेपणाने लिहिले आहे. यादीकारांनी ते वाचले असते तर त्यांची लेखणी क्षणभर तरी अडखळली असती. असो.

आम्हाला बोलायचे आहे ते त्यांच्या पाहण्याविषयी. दहा-एक वर्षांच्या या मुलाने वहीत केलेली एक नोंद प्रसिद्ध आहे. तबेल्यातल्या भोकात चिमणीचे घरटे, बाहेर खिळ्यावर नर राखणीला बसलेला. मुलगा उभ्या गाडीआडून छऱ्याच्या बंदुकीने नर टिपतो. थोड्याच वेळात दुसरा नर त्या खिळ्यावर हजर. तोही टिपतो. असे सात दिवसांत आठ. आजचा वाचक यावर शहारेल, आम्हीही शहारलो. पण मुलाने काय लिहिले ते पाहावे. मादीच्या 'बेवफाई'वर शेर नाही, चिमण्याच्या मृत्यूवर मर्सिया नाही. किती नर, किती दिवस, कुठे बसले, एवढेच. आणि म्हाताऱ्या सलीम अलींनी ती नोंद लपवली नाही. समीक्षेच्या भाषेत ज्याला लेखकाचा प्रामाणिकपणा म्हणतात, तो आम्हाला या आठ चिमण्यांत दिसतो. पुण्यवान ठरण्याची त्यांना घाई नव्हती.

१९४१ साली निघालेले 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' याच सवयीतून घडले. पाखरू ओळखायचे कसे? आधी आकार. चिमणीएवढा, बुलबुलापेक्षा थोडा मोठा, मैनेपेक्षा लहान. अधिक-उण्याच्या खुणाही त्यासाठी दिल्या आहेत. मग रंग, राहण्याची जागा, सवयी, आवाज, विणीचा काळ. दारातल्या ओळखीच्या पाखराचा गज घेऊन अनोळखी पाखरू मोजायचे, ही युक्ती इतकी घरगुती आहे की तिच्यातली हुशारी लक्षातच येत नाही. वाक्ये आखूड, विशेषणे मोजकी. हे पुस्तक आम्ही गद्य म्हणून वाचले आणि आम्हाला ते गद्य म्हणून आवडले.

पण ओळखीचा खरा कस ऋतूत लागतो. सुगरणीचेच घ्या. पावसाळ्यात नराचे डोके आणि छाती पिवळीजर्द असते. तेव्हा पोरही त्याला ओळखेल. थंडीत तो पिवळा रंग उतरतो आणि तोच नर चिमणीच्या मादीसारखा मळकट दिसतो. पावशाचा घोळ उलटा आहे. तो दिसायला थेट शिक्र्यासारखा, फसायला होते. मृगाच्या आगेमागे तो ओरडू लागला की मगच कळते. त्याच्या ओरडण्यात मराठी शेतकऱ्याला 'पेर्ते व्हा' ऐकू येते, उर्दू शायराला 'पी कहाँ' आणि इंग्रजांना मेंदूज्वर! परीट पावसाळा सरता सरता येतो आणि उन्हाळ्याआधी निघून जातो. तो केव्हा येतो हे हिजरी महिन्यात सांगता येत नाही, कारण आपले वर्ष दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरते. रमजान थंडीतही येतो आणि वैशाखातही. म्हणून तर रोजे चंद्रावर धरणारे आपले शेतकरी बापजादे पेरणी मात्र मृगावर करीत आले. या दुहेरी पंचांगावर आपल्या लेखकांनी फारसे लिहिलेले नाही, याचे नवल वाटते.

सुगरणीच्या निमित्ताने भाषेलाही प्रश्न विचारायला हवा. मराठीने या पाखराला गृहिणीचे नाव दिले. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही खोपा मादीच्या नावावर आहे. १९३० साली बर्लिनहून परतलेले, हाती नोकरी नसलेले सलीम अली अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि घरट्यांसमोर तासन् तास बसले. त्यांना दिसले ते असे: खोपा नर विणतो. अर्धा विणून झाला की माद्या येऊन पारखतात. एखादीला पसंत पडला तर ती आत शिरते, मग नर तो पुरा करतो आणि पुढच्या मादीसाठी दुसरा विणायला घेतो. बहिणाबाईंची कविता याने खोटी ठरत नाही, ती आईविषयी आहे. पण पाखराविषयीचे सत्य किहीमला सापडले, आणि तेही नुसते बसून पाहण्यातून.

आता आपल्या कवितेकडे वळू. आपल्या अंकांत येणाऱ्या गझला चाळल्या तर बुलबुल आणि शाहीन पानोपानी आढळतील. इक्बालांचा शाहीन घरटे बांधत नाही, खडकावर राहतो. गंमत म्हणजे हे खरे आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर शाहीन ससाणा उघड्या कपारीतच अंडी घालतो. पण आपल्यापैकी किती कवींनी मान वर करून तो पाहिला? बुलबुलाचे तर याहून वाईट. फारसी बागेतला, गुलाबावर आशिक असलेला बुलबुल म्हणजे नाईटिंगेल. तो आपल्याकडे राहत नाही. आपल्या कुंपणावरचा लालबुड्या बुलबुल निराळ्याच कुळातला. फळे आणि किडे खातो, गुलाबाशी त्याचे काही देणेघेणे नाही. शायरीला रूपक वापरायची मुभा आहे, हे आम्ही जाणतो. परंतु पाहिलेल्या पाखराचे रूपक निराळे आणि दिवाणातून उसने घेतलेले निराळे. दुसऱ्या प्रकाराला आम्ही आळस म्हणतो.

हा ठपका आधी आमच्यावर येतो. उर्दू शाळेत आम्ही कित्येक वर्षे बुलबुलाची नज्म शिकवली आणि खिडकीबाहेरच्या तारेवर बसलेल्या पाखराकडे बोट दाखवून 'हाच तो' असे सांगितले. सहावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, पण हा तर गाणं म्हणत नाही, नुसता भांडतो." आम्ही त्याला खाली बसवले. सलीम अलींचे पुस्तक आमच्या हाती त्यानंतर दोन वर्षांनी आले. तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

आता वर्गात एक वही ठेवली आहे. पाखरू दिसले की तारीख, वेळ, झाड आणि आकार लिहायचा; नाव ठाऊक असेल तरच लिहायचे. गेल्या डिसेंबरात एका मुलीने उर्दूत लिहिले आहे: बुलबुलापेक्षा लहान, पाठ करडी, शेपूट सारखी थरथरते, विहिरीच्या कठड्यावर, एकटा, सकाळी सात. शेपटीचा रंग तिने लिहिलेला नाही. थिरथिरा असावा असे आम्हाला वाटते, पण रंगाची नोंद नाही म्हणून नावाची जागा अजून कोरी ठेवली आहे.