सायकलीच्या मूळ कर्त्याचा वाद : साधनांची छाननी

सायकलीचा मूळ कर्ता कोण, या प्रश्नावर युरोपांत झालेलें लेखन संशोधकानें एकदां बारकाईनें वाचण्यासारखें आहे. विषय यंत्राचा असला, तरी दोष आपल्या परिचयाचा आहे. अस्सल कागद बाजूस ठेवून मागाहून रचलेल्या बखरीवर विसंबल्यास काय होतें, याचा वस्तुपाठ येथें मिळतो.

पहिलें उदाहरण काउंट द सिव्राक याचें. या गृहस्थानें १७९१ मध्यें पॅरिस येथें दुचाकी चालविली, असें लुई बोद्री द सोनिये यानें १८९१ सालच्या आपल्या इतिहासांत लिहिलें. घटना व ग्रंथ यांत शंभर वर्षांचें अंतर, आणि मध्यें समकालीन आधार नाहीं. पुढें शोध घेतां, सिएव्राक नांवाच्या मनुष्यानें १८१७ सालीं चार चाकांच्या गाडीचा परवाना घेतल्याचें आढळलें. उलट बाडेन संस्थानांतील कार्ल फॉन ड्राइस यानें १२ जून १८१७ रोजीं मानहाइम येथून, पायांनीं जमीन रेटीत, दोनचाकी वाहन चालविलें. १२ जानेवारी १८१८ रोजीं त्यास संस्थानाची सनद मिळाली. १८७०-७१ चें फ्रान्स-जर्मनी युद्ध ध्यानीं घेतलें, म्हणजे फ्रेंच पूर्वज इतका गोड कां वाटला, हें निराळें सांगावयास नको.

दुसरें उदाहरण हस्तलिखितसंग्राहकांनीं विशेष लक्षांत ठेवावें. मिलान येथील लिओनार्दो द विंचीच्या ‘कोदेक्स अत्लांतिकुस’ या संग्रहांतील एका पानाच्या पाठीवरचें सायकलीचें चित्र १९७४ सालीं प्रसिद्धीस आलें. परंतु कार्लो पेद्रेत्ती यानें १९६१ सालीं तेंच पान उजेडासमोर धरून पाहिलें, तेव्हां त्यास दोन वर्तुळें व कांहीं रेघा एवढेंच दिसलें होतें. चित्र मागाहून काढलेलें आहे, असें हान्स-एरहार्ड लेसिंग यानें १९९७ सालीं प्रतिपादिलें. कागद जुना म्हणून त्यावरील रेघ जुनी ठरत नाहीं.

तिसरा वाद अधिक गंभीर. तेथें एका कारागिराचें श्रेय गुंतलें आहे. पुढच्या चाकास पायडलें जोडण्याची युक्ति १८६१ सालीं पिएर मिशो व त्याचा पुत्र अर्नेस्त यांनीं काढली, असें मिशो कुटुंबानें १८९३ सालीं सांगितलें. पुढच्याच वर्षीं बार-ल-द्यूक येथें त्यांचें स्मारक उभें राहिलें. पिएर लालमाँ यास मात्र अमेरिकेंत २० नोव्हेंबर १८६६ रोजीं ५९,९१५ क्रमांकाचें पेटंट मिळालें होतें. तो १८९१ सालीं बॉस्टन येथें वारला. स्मारकाच्या वेळीं आपली बाजू मांडण्यास तो उरला नव्हता. पेटंटावरून पहिली कल्पना त्याचीच असें सिद्ध होत नाहीं. त्या तारखेस तें यंत्र त्यास अवगत होतें, एवढेंच ठरतें. मिशोच्या कारखान्यानें १८६७-६८ मध्यें या वाहनांचा प्रसार केला, हेंहि खरें. परंतु प्रसार व शोध या दोन गोष्टी आहेत. लालमाँपाशीं तारखेचा कागद आहे. मिशोच्या बाजूस तीस वर्षांनंतरची आठवण. स्मारकाचा दगड हा पुरावा नव्हे.

राजवाडे यांनीं बखरीपेक्षां समकालीन पत्रास जें प्रामाण्य दिलें, तीच कसोटी लोखंडासहि लावावी. जुन्या सायकलीवरील कारखान्याचा पत्रा दुसरीवर बसवितां येतो, चाकें बदलतां येतात. पोथीचा कागद, शाई व पुष्पिका आपण वेगवेगळीं तपासतों. तसेंच पत्रा, सांगाडा, क्रमांक व चाकें वेगवेगळीं तपासून मगच कालनिर्णय करावा.