‘ड्रिंक’ म्हणजे ‘पिणे’ – पण कुठवर?

अलिबाग तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका शाळेत आम्ही विज्ञानाचे प्रयोग घेऊन अधूनमधून जातो. एकदा टेबलावर सातवीच्या इंग्रजीच्या वह्या होत्या. निबंधाचा विषय ‘माझे आजोबा’. एका मुलाने लिहिले होते : ‘माय ग्रँडफादर ड्रिंक्स बिडी.’ वाक्यावर लाल फुली होती. त्याच वहीच्या मागच्या पानावर शब्दार्थांच्या यादीत ‘ड्रिंक – पिणे’ असे होते, आणि तिथे मात्र बरोबरची खूण होती.

आमच्या मते फुली वाक्यावर नव्हे, यादीवर पडायला हवी होती. मुलाने यादीवर पूर्ण विश्वास ठेवला. आजोबा बिडी पितात. पिणे म्हणजे ड्रिंक. म्हणून आजोबा बिडी ‘ड्रिंक’ करतात. या तर्कात खोट नाही. खोट आहे दोन शब्दांमधल्या त्या छोट्या आडव्या रेघेत. दोन भाषांतले शब्द एकमेकांवर तंतोतंत बसतात, असे ती रेघ सांगते. आणि तसे सहसा नसते.

गंमत म्हणजे सतराव्या शतकात, तंबाखू इंग्लंडात नवीन होती तेव्हा, इंग्रज लोकही ती ‘ड्रिंक’च करत. पुढे ‘स्मोक’ हे क्रियापद रूढ झाले आणि जुना वापर मागे पडला. म्हणजे शब्दाची हद्द तर्काने नव्हे, लोकांच्या वापराने ठरते. ती यादीत सापडत नाही, वाक्यांत सापडते. औषध पातळ असले तरी इंग्रजीत ते बहुधा ‘टेक’ करतात. सूप कपातून तोंडाला लावले तर ‘ड्रिंक’, वाडग्यातून चमच्याने घेतले तर ‘ईट’. यात नवल वाटण्याचे कारण नाही. पेज काही घरांत पितात, काही घरांत जेवतात.

यादीनंतर येतो तक्ता : ‘ड्रिंक, ड्रँक, ड्रंक’. मुले तो एका सुरात म्हणतात आणि मग लिहितात, ‘आय अ‍ॅम ड्रंक मिल्क’. वर्ग हसतो, मूल गप्प होते. पण हे वाक्य आले कुठून? ‘मी दूध प्यालो आहे’ यातल्या ‘आहे’साठी त्याने ‘अ‍ॅम’ ठेवले, ‘प्यालो’साठी तक्त्यातले तिसरे रूप. तिथे ‘हॅव’ लागते आणि ‘अ‍ॅम ड्रंक’ म्हणजे ‘मी झिंगलोय’, हे तक्ता सांगत नाही. मराठी मात्र सांगू शकते. ‘प्यालेला माणूस’ म्हटल्यावर काय प्यालेला, असे आपण विचारत नाही. ‘तो पितो’ आणि ‘ही ड्रिंक्स’ ही दोन्ही वाक्ये कर्म गाळताच दारूकडे वळतात. माडीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलांना हे समजावून द्यावे लागत नाही.

इंग्रजी क्रियापदे अनियमित म्हणून अवघड, असेही शिक्षक सांगतात. आपले ‘पिणे’ कुठे सरळ आहे? ‘त्याने भात खाल्ला’, पण ‘तो पाणी प्याला’. भूतकाळात खाणाऱ्याला ‘ने’ लागतो, पिणारा ‘ने’वाचूनही चालतो. हे शाळेत येण्याआधीच मूल अचूक बोलते, कारण ते त्याने शेकडो वाक्यांतून ऐकलेले असते.

यादीचे सर्वांत मोठे नुकसान आम्हाला दिसले ते ‘सिप’ या शब्दापाशी. जुलाब आणि जलसंजीवनी या विषयावर आम्ही त्याच वर्गात बोलत होतो. जलसंजीवनी एकदम पाजायची नसते. थोड्या मोठ्या मुलाला कपातून वारंवार छोटे ‘सिप’ द्यायचे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबायचे आणि मग आणखी सावकाश सुरू करायचे. आम्ही मराठीत सांगितले, ‘घोट घोट पाजा’. एका मुलीला करून दाखवायला सांगितले, तर तिने दोन घोटांत अर्धा पेला संपवला! वहीत ‘सिप’पुढे ‘घोट घेणे’ होते, आणि ‘गल्प’पुढेही ‘घोट घेणे’च. चूक तिची नव्हती, आमची होती. “मग याहून लहान घोटाला काय म्हणाल?” आम्ही विचारले. तीच मुलगी म्हणाली, “घुटका.” मागोमाग वर्गातून भुरका, घटाघटा, ओरपणे, ढोसणे असे शब्द आले. एवढी श्रीमंती घरात असताना यादी एका ‘घोटा’वर भागवत होती.

यादीच्या बाजूनेही बोलायला हवे. वर्गात साठ मुले, वेळ थोडा, डोक्यावर परीक्षा. यादी लवकर होते. जून २००० पासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले, तेव्हापासून तिचा आधार आणखी लवकर घेतला जातो. पण कोशकारांनी कधीच इतकी काटकसर केली नव्हती. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि कँडी यांनी पुरा केलेला १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश एकेका शब्दापुढे अनेक मराठी प्रतिशब्द देतो. १९८७ च्या ‘कोबिल्ड’ कोशाने तर अर्थच पूर्ण वाक्यांत सांगितले. ती वाक्ये आपल्या गाइडांनी गाळून टाकली.

आमची सूचना साधी आहे. यादी ठेवा, पण प्रत्येक क्रियापदापुढे दोन वाक्ये लिहा : एक ते चालते असे, एक ते चालत नाही असे. ‘ड्रिंक’पुढे दूध आणि बिडी दोन्ही येऊ द्या. आणि ‘सिप’साठी विज्ञानाचा एक तास घ्या. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या पेल्यात मोजपात्राने २०० मि.लि. स्वच्छ पाणी द्या. निम्म्या मुलांनी ते घुटक्याघुटक्याने संपवावे, निम्म्यांनी मोठ्या घोटांनी. दुसऱ्या दिवशी अदलाबदल करावी. मोजून भागाकार केला की प्रत्येकाच्या वहीत दोन आकडे येतील, एक ‘सिप’चा, एक ‘गल्प’चा. मुलांमुलांत ते वेगळे असतील. पण ते दोन शब्द एकच आहेत, असे त्यानंतर कोणी लिहिणार नाही. आणि घरी धाकट्या भावंडाला जलसंजीवनी पाजायची वेळ आली, तर हात आपोआप सावकाश चालेल.